लिव्हर डॉप्लर करताना या चुका टाळा

गोंदिया-गडचिरोलीचा पेशंट पहाटेच नागपूरला उतरतो, तर्री-पोहे आणि चहा घेऊन सोनोग्राफीच्या रांगेत बसतो. पण लिव्हर डॉप्लर म्हणजे यकृताच्या रक्तवाहिन्यांमधला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि जेवणानंतर पोर्टल व्हेनमधला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला) प्रवाह वाढतो, त्यामुळे मंदावलेला वेगही नॉर्मल भासू शकतो. शिवाय पोटातला गॅस आड येतो. सहा-आठ तास उपाशी राहायचं हे नंबर लावतानाच सांगा, सोबतच्या नातेवाइकालाही. पाण्याचे दोन घोट मात्र चालतात; मे महिन्यातल्या नागपुरात सिरोसिसच्या (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजाराच्या) पेशंटला तहानलेलं ठेवू नका. डायबेटिसवाल्याला पहिला नंबर द्या.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पोर्टल व्हेनमध्ये रंग दिसला नाही की लगेच ‘थ्रोम्बोसिस’ (शिरेत गुठळी) लिहिणं. सिरोसिसमध्ये पोर्टल प्रवाह सेकंदाला 16 सेंटीमीटरच्याही खाली येतो. स्केल (मशीनवर लावलेली वेगाची मर्यादा) वर राहिला तर इतका मंद प्रवाह मशीन पकडतच नाही. आणि त्या एका शब्दावर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांच्या पेशंटला रक्त पातळ करणारी औषधं सुरू होऊ शकतात! आधी स्केल खाली आणा, वॉल फिल्टर (मंद सिग्नल गाळणारी सेटिंग) कमी करा, कलर गेन (रंगाची तीव्रता) भलतीकडे ठिपके दिसू लागेपर्यंत वाढवून जरा मागे घ्या. प्रोब बरगड्यांमधून लावा, कारण व्हेनला काटकोनात बघितलं तर वाहतं रक्तही दिसत नाही. मग पॉवर डॉप्लर (मंद प्रवाहही पकडणारा प्रकार) लावा. तरीही शंका राहिली तर कॉन्ट्रास्ट सीटी सुचवा. उलट, ताजी गुठळी साध्या चित्रात वाहत्या रक्तासारखी काळीच दिसते, म्हणून रंग न लावता ‘व्हेन मोकळी’ असंही लिहू नका.

निळा रंग म्हणजे उलटा प्रवाह, असं धरून चालू नका. बाजूची रंगपट्टी बघा, स्पेक्ट्रल (प्रवाहाच्या वेगाचा आलेख) घ्या. रंगांची सरमिसळ दिसली तर बहुधा स्केल फार खाली गेलेला असतो.

वेग मोजताना ध्वनिलहरी आणि प्रवाह यांच्यातला कोन 60 अंशांच्या आत हवा. 40 अंशांवर कर्सर 5 अंश चुकला तर वेगात साधारण 8 टक्क्यांचा फरक पडतो. 70 अंशांवर तोच 30 टक्क्यांच्या पुढे जातो.

‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा’ ही सवयही सोडा. त्याने हेपॅटिक व्हेनची (यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेची) लहर सपाट होते आणि सिरोसिसचाच भास होतो. ‘काका, श्वास आहे तिथंच थांबवा’ म्हणा.

रिपोर्टमध्ये वेग आणि दिशेसोबत कोन आणि उपाशी तासही लिहा. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर तपासणी झाली तर तुलना त्यावरच होणार आहे.