दिन की दीन? बॅनर छापायला देण्याआधी हे बघा

आमच्या गल्लीत 27 फेब्रुवारीला बॅनर लागला, 'मराठी भाषा गौरव दीन', आणि खाली हात जोडलेले आठ फोटो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा, त्यामुळे फोटोतले सगळे मदत मागतायत असंच वाटत होतं!

बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, लोचा लिहिताना होतो. त्यात आपल्या हाताला फूल, मूल, खीर असं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहायची सवय, पण दिन पडला संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तिथे ऱ्हस्वच राहतो.

मग करायचं काय, तर अडलात की 'दिनांक' आठवा, बँकेच्या स्लिपवर रोज बघता ना, त्यातली वेलांटी पहिली, तीच महाराष्ट्र दिनाला. आणि दुसरी वेलांटी दीनवाण्या चेहऱ्याची, दीनदुबळ्यांची. प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं की झूम करून वेलांटीची उभी रेघ 'द'च्या कुठल्या बाजूला आहे ते बघा, डावीकडे असेल तर ओके.

'दीन दीन' ही रणगर्जना मात्र दीर्घच, तिचा अर्थ धर्म, ते आणखी तिसरंच प्रकरण.