ड्रॅगन फ्रूटला खत: किती, त्याहीपेक्षा कुठं आणि कधी

खताची पिशवी फोडायच्या आधी खुरपं घ्या आणि ड्रॅगनचा वेल चढवलेल्या खांबापासून हातभर लांब माती हलकेच उकरा. वीतभर खाली जायच्या आत पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या दिसतील. ड्रॅगनची खाणारी मुळी बहुतेक एवढ्यातच असते. म्हणून आमच्या जतच्या मुरमाड माळावर हे पीक येतं, आणि म्हणूनच वरून टाकलेल्या चुकीच्या खताचा फटकाही लगेच बसतो.

मी तो खाल्लाय. दुसऱ्या वर्षी अर्धकच्चं शेणखत थेट बुंध्याला लावलं, वर पावसाच्या तोंडावर युरिया. फांद्या अशा फुटल्या की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. फळं उशिरा, मोजकी आणि चवीला नुसतं पाणी. कोवळ्या फांद्यांवर ठिपके पडून सड लागली ती वेगळीच.

आता शेवटचा तोडा झाला की दाट फांद्या काढतो आणि खांबाला दोन घमेली शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड देतो. शेणखत मुठीत घेतलं तर शेणाचा वास यायला नको, गरम लागायला नको. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडून पसरायचं. चर खणू नका, मुळ्या तुटतात. वर उसाचं पाचट.

माती परीक्षणात सामू (पीएच) आणि चुनखडीचं प्रमाण नक्की बघा. चुनखड जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. मी फेरस सल्फेट नुसतं न टाकता शेणखतात मुरवून देतो.

एप्रिलपासून नत्राचा हात आखडायचा. कळ्या दिसल्या की ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पोटॅशचं विद्राव्य खत), फळ लिंबाएवढं झालं की ०:०:५० (पोटॅशचं), एकरी तीन किलो, आठवड्यातून एकदा ठिबकातून. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी. यातल्या कुठल्याही खताबरोबर एका टाकीत कालवलंत तर तळाला पांढरा गाळ बसतो आणि ड्रिपर साफ करण्यात दिवस जातो.

खताइतकंच पाणी. बाग तापवून एकदम पाणी सोडलं की पिकत आलेली फळं तडकतात. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी, टिकवा, रोज थोडं द्या.

गोडी मोजताना फळ मधोमध कापा. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब गाभ्याचा, एक सालीलगतचा घ्या. गाभा जास्तच गोड असतो, त्यामुळे फक्त तोच आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि साल लाल झाली म्हणून लगेच तोडू नका, तीन-चार दिवस थांबा. तोडल्यावर हे फळ आंब्यासारखं आढीत गोड होत नाही.

यंदा शेवटच्या ओळीला मुद्दाम पोटॅश दिलेलं नाही. त्या खांबांना निळी चिंधी बांधलीय. ऑगस्टच्या तोड्याला दोन्हीकडची फळं शेजारी शेजारी कापून बघणार आहे.