हॉस्पिटलात पेशंटजवळ झोपायला जाताना

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिकेचं असो की घोडबंदर रोडवरचं एखादं खासगी, रात्री सोबतीला जाणाऱ्याने पिशवी लहानच भरावी. नेलेली प्रत्येक वस्तू तिथे कुठेतरी टेकते आणि तशीच घरी परत येते. पिशवी धुता येणारी कापडी घ्या आणि फरशीवर न ठेवता खुर्चीच्या पाठीला अडकवा. निघण्याआधी नखं कापा. अंगठ्या, घड्याळ आणि बांगड्या घरी ठेवा, त्यांच्याखालची कातडी धुतली जात नाही. ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर त्या रात्री दुसऱ्या कुणाला पाठवा. लहान मुलांना नेऊ नका.

आत काय भरायचं? कमीत कमी 60 टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर, आणि त्यासोबत साबण हवाच. अँटिबायोटिक चालू असलेल्या पेशंटला जुलाब लागले, तर त्यामागे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं त्याचं सुप्त रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळले की ते निघून जातात. बेसिनवर साबण असेलच असं धरून चालू नका. हात पुसायला स्वतःचे दोन-तीन धुतलेले नॅपकीन घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खाटेच्या कठड्याची. फरशी पुसलेली डोळ्यांना दिसते, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण एमआरएसए (अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू) किंवा ॲसिनेटोबॅक्टरसारखे हॉस्पिटलात आढळणारे जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी महिनोन्‌महिने तग धरतात. कठडा, बेल, सलाइनचा स्टँड, लॉकरची मूठ, पंख्याचं बटण यांना दिवसभर सगळ्यांचे हात लागतात, आणि त्याच हाताने आपण पेशंटला पाणी पाजतो. म्हणून एक वाक्य मनात तयार ठेवा: ‘मावशी, कठडा आणि बेलपण पुसून घ्याल का?’ विचारायला संकोचू नका. घरून फिनेल किंवा ब्लीच मात्र नेऊ नका. आधी मळ निघाला नसेल तर ब्लीचचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचा, जोर कमी पडतो. ते लावून काही मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. रक्त किंवा उलटी सांडली तर टॉवेलने पुसायला धावू नका, सिस्टरना हाक मारा.

ठाण्याला भरलेल्या लोकलमधून उतरून आलात की आधी बेसिन, मग पेशंट. भरवण्याआधी पुन्हा धुवा, लघवीच्या पिशवीला हात लागला की पुन्हा. ती पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटच्या खाटेवर बसू नका. मोबाइल तिथे उशाशी टाकू नका. अल्कोहोलच्या वाइपने तो रोज पुसा, नाहीतर धुतलेला हात त्याला लागून पुन्हा तसाच होतो.

घरी आल्यावर कपडे आणि चादर खुर्चीवर न टाकता थेट धुवायला टाका, गरम पाणी आणि साबण वापरून. पावसाळ्यात ते दमट असताना घडी करू नका, पूर्ण वाळू द्या.