बाळाचा फोटो काढताना आधी दिवा बंद करा

खोलीतला दिवा आणि मोबाइलचा फ्लॅश, दोन्ही बंद. पिवळ्या दिव्याखाली बाळ कावीळ झाल्यासारखं दिसतं, फ्लॅशने चेहरा पांढराफटक आणि सपाट येतो. त्यापेक्षा खिडकीपासून दोन-तीन फुटांवर चादर अंथरा आणि बाळाला असं निजवा, की उजेड डोक्याच्या बाजूने तिरका येईल. पायाकडून आला तर हनुवटी आणि नाकपुड्या खालून उजळतात, गोजिरवाणं पोर भुतासारखं दिसतं! थेट ऊन असेल तर पातळ पांढरा पडदा ओढून घ्या.

बाळ पालथं पडायला लागलं असेल तर तुम्हीही जमिनीवर पालथे व्हा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसतं टाळकंच मोठं येतं. फोन अगदी तोंडाशी नेऊ नका, नाक फुगतं. थोडं मागे सरकून 2एक्स झूम वापरा. स्क्रीनवर डोळ्यावर बोट टेकवून फोकस करा आणि सलग दहा-बारा फोटो घ्या, कारण हातपाय काही थांबत नाहीत. वेळ पोट भरल्यानंतरची, पेंग येण्याआधीची. वरून फोटो घ्यायचा असेल तर फोनचा पट्टा मनगटात अडकवलेला हवा.