कॅलिफोर्नियात घराच्या इन्शुरन्सची नॉन-रिन्यूअल नोटीस आली तर काय काय करायचं

पाकीट अगदी साधं असतं, जाहिरातीसारखं. आमच्याकडे ते दोन दिवस पिझ्झाच्या कुपनांखाली पडून होतं. उघडलं तर आत एकच पान, वाइल्डफायर म्हणजे जंगलातल्या आगीच्या रिस्कमुळे तुमची होमओनर्स पॉलिसी रिन्यू करणार नाही. अकरा वर्षांत एक क्लेम नाही, एक हप्ता चुकला नाही, तरी. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असल्या नोटिशीचा फोटो पडला की खाली सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो, आणि त्यातले निम्मे सल्ले जुन्या नियमांवरचे असतात, म्हणून आम्ही काय केलं ते लिहून टाकतोय.

आधी तारीख बघा. पॉलिसी संपायच्या किमान ७५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हा नियम जुलै २०२० पासून आहे, आधी ४५च दिवस होते. कंपनीने उशीर केला तर जुनी पॉलिसी नोटीस दिल्यापासून ७५ दिवस चालू राहते. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा. आणि काहीही झालं तरी मध्ये एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका, कारण लोन असेल तर बँक स्वतःच्या मर्जीने महागडी पॉलिसी घेऊन तुमच्या बोकांडी बसवते, आणि ती वाचवते बँकेचं कर्ज, तुमचं सामान नाही.

मग झिपकोड. एसबी ८२४ नावाचा २०१८चा कायदा आहे. मोठी आग लागून गव्हर्नरने इमर्जन्सी जाहीर केली की आगीच्या हद्दीतल्या आणि लगतच्या झिपकोडमध्ये वर्षभर कंपनीला वाइल्डफायरचं कारण देऊन घराची पॉलिसी बंद करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या तेव्हा लॉस एंजेलिसकडच्या लोकांना हेच संरक्षण मिळालं. यादी राज्याच्या इन्शुरन्स डिपार्टमेंटच्या साइटवर असते. तुमचं घर जळालेलं नसलं तरी चालतं, हे कित्येकांना माहितीच नसतं.

यात बसत नसाल (आम्ही नव्हतो बसत) तर कंपनीला लेखी विचारा, माझ्या घराचा वाइल्डफायर रिस्क स्कोर किती आणि कशामुळे. फोनवर विचारून उपयोग नाही, ईमेल करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या 'सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स' नियमांमुळे स्कोर सांगणं त्यांना भाग आहे आणि त्यावर अपील करायचा तुम्हाला हक्क आहे. घर सुरक्षित करण्यासाठी काम केलं असेल तर त्याचं डिस्काउंटही द्यावं लागतं. किती ते कंपनीवर आहे, फार मोठ्या आशेने जाऊ नका.

काम म्हणजे काय, तर भिंतीपासून पहिले पाच फूट. जंगलातली आग ज्वाळा घेऊन दारात येते असं आपल्याला वाटतं, पण बरीच घरं वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, निखारा भिंतीजवळच्या लाकडाच्या भुशात नाहीतर ॲटिकच्या (छपराखालच्या माळ्याच्या) जाळीतून आत पडतो आणि तिथून सुरू. आमच्या पाच फुटांत काय होतं? लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेली कुंपणाची फळी, काथ्याचं पायपुसणं, आणि लाकडी स्टँडवर कढीपत्त्याच्या तीन कुंड्या न् तुळस. भुसा काढून खडी टाकली, ॲटिकच्या व्हेंटला १/८ इंचाची धातूची जाळी बसवली, कुंपणाचा घराला चिकटलेला तुकडा लोखंडी केला. तुळस हलवताना सासूबाईंशी थोडी चर्चा झाली, ती इथे नको. प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढा, टेप धरून काढा, म्हणजे पाच फूट हे पाच फूटच दिसतात.

अपील चालू असतानाच ब्रोकर शोधा, एकाच कंपनीचा एजंट नको, इंडिपेंडंट ब्रोकर. त्याला पहिला प्रश्न हाच की पॉलिसी ॲडमिटेड, म्हणजे राज्याचा परवाना असलेल्या कंपनीची आहे का, कारण नॉन-ॲडमिटेड कंपनीचे दर राज्य मंजूर करत नाही आणि ती बुडाली तर राज्याचा गॅरंटी फंड मदतीला येत नाही.

आता थोडं राजकारण, कारण त्याशिवाय बाजार का हलतोय ते कळत नाही. १९८८ साली लोकांनी मत देऊन प्रपोझिशन १०३ पास केलं, तेव्हापासून दर वाढवायला राज्याच्या इन्शुरन्स कमिशनरची आधी मंजुरी लागते. मागितलेली वाढ ७ टक्क्यांपेक्षा जास्त असेल आणि ग्राहकांनी मागितली तर सुनावणी घ्यावीच लागते, म्हणून कंपन्यांची जुनी फायलिंग (दरवाढीचे अर्ज) चाळलीत तर ६.९ टक्के हा आकडा सारखा दिसेल, बाटाच्या ९९ रुपये ९५ पैशांसारखा. दर ठरवताना कंपन्यांना आगीच्या जुन्या नुकसानाचेच आकडे धरायची परवानगी होती. त्यामुळे त्यांनी हात आखडता घेतला, स्टेट फार्म या मोठ्या कंपनीने मे २०२३ मध्ये घरांच्या नव्या पॉलिसी देणं थांबवलं. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलले. आता पुढच्या धोक्याचा अंदाज बांधणारी कॉम्प्युटर मॉडेल्स दरासाठी वापरता येतात, पण बदल्यात आगीच्या धोक्याच्या भागात जास्त पॉलिसी लिहायचं कबूल करावं लागतं, राज्यात त्यांचा जेवढा हिस्सा त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत. माझं मत विचाराल तर महाग का होईना पण पॉलिसी मिळणं बरं, पण बिल भरताना हेच मत टिकतं असं नाही. तुमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की गेल्या वर्षी नाही म्हणालेल्या कंपनीला यंदा परत विचारा.

कुणीच घेत नसेल तर फेअर प्लॅन. हे सरकारी नाही, सगळ्या कंपन्यांनी मिळून चालवलेलं शेवटचं दार आहे, १९६८ पासून. घरासाठी जास्तीत जास्त ३० लाख डॉलर. यात मुख्यतः आग, वीज, धूर एवढंच. चोरी नाही, पाइप फुटून झालेलं नुकसान नाही, पाहुणा जिन्यावरून पडला तर लायबिलिटी नाही. त्यासाठी वेगळी डीआयसी (डिफरन्स इन कंडिशन्स), म्हणजे फेअर प्लॅनमध्ये नसलेलं भरून काढणारी पॉलिसी घ्यावी लागते. नुसता फेअर प्लॅन घेऊन निवांत बसलेले लोक मी पाहिलेत, ते आगीतून वाचून पाण्यात बुडणार. दोन्हीच्या तारखा एकच ठेवा.

आमच्या जुन्या कंपनीने स्कोर कमी केला पण निर्णय बदलला नाही. तेच फोटो ब्रोकरने दुसऱ्या ॲडमिटेड कंपनीला पाठवले आणि एकविसाव्या दिवशी कोट आलं, जुन्यापेक्षा महाग. घेतलं. कंपनी उत्तरच देत नसेल तर डिपार्टमेंटकडे ऑनलाइन तक्रार करा, फुकट आहे, फोन ८००-९२७-४३५७.

कागद काढलेच आहेत तर गाडीची पॉलिसीपण बघून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून किमान लायबिलिटी (एका माणसाची इजा/एका अपघातातल्या सगळ्यांची इजा/दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान) १५/३०/५ वरून ३०/६०/१५ हजार डॉलर झालीये, गाडीचा प्रीमियम अचानक वाढलाय म्हणून चिडलेल्यांपैकी काहींचं कारण एवढंच आहे.