फवारणीच्या औषधाचा कॉल: अँब्युलन्समधलं अ‍ॅट्रोपिन कसं वापरायचं

अ‍ॅट्रोपिन हा ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेवरचा उतारा. त्याची नेहमीची अँप्युल (काचेची कुपी) १ मिलीची, त्यात औषध ०.६ मिलिग्रॅम. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक प्यायलेल्या मोठ्या माणसाला पहिलाच डोस १.८ ते ३ मिग्रॅ लागतो, म्हणजे तीन ते पाच अँप्युल. पाच मिनिटांनी फरक नाही? दुप्पट, दहा. मग वीस. दहा मिनिटांत पस्तीस संपल्या. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात ड्यूटी असेल तर शिफ्ट घेतानाच अँप्युल मोजा. यादीवरच्या टिकवर भरवसा नको.

डोस डॉक्टरच सांगणार, गाडीत असोत वा फोनवर. ऑर्डर मिग्रॅमध्ये घ्या आणि परत म्हणून दाखवा. नुसतं ‘पाच द्या’ ऐकलं तर थांबून विचारा, कारण ५ मिग्रॅ म्हणजे आठांहून जास्त अँप्युल.

आधी हातमोजे. विष सांडलेले कपडे कापून काढा, अंग धुवा. रुग्ण डाव्या कुशीवर, तोंडातला फेस सक्शनने काढा, ऑक्सिजन, शिरेत लाइन. घरच्यांनी मिठाचं पाणी पाजायला घेतलं असेल तर तिथेच थांबवा. एकाने अँप्युल फोडायच्या, दुसऱ्याने १० मिलीच्या सिरिंजमध्ये ओढायच्या. एकट्याने करायला गेलं की पाच मिनिटांचं गणित हमखास कोलमडतं.

डोस पुरला का हे ठरवताना नवखे हटकून डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघत बसतात. त्या उशिरा मोठ्या होतात. स्टेथोस्कोप छातीला लावा: घरघर थांबली का? काख कोरडी का? नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर? नाडी आधीच १२० आहे म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखू नका. ऑक्सिजन कमी पडल्यानेही ती पळते आणि विषानेही. उलटी फुफ्फुसात गेली असेल तर एका बाजूची घरघर राहते, ती या औषधाने जाणार नाही.

ताप, बडबड, हवेत हात मारणं, पोटाचे आवाज बंद: डोस जास्त झाला. लगेच डॉक्टरांना सांगा.

छाती कोरडी झाली तरी अ‍ॅट्रोपिन स्नायूंची ताकद परत आणत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर अधूनमधून उशीवरून मान उचलायला लावा. उचलता येईना, श्वास उथळ झाला, तर बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात घ्या आणि हॉस्पिटलला व्हेंटिलेटर तयार ठेवायला कळवा. प्यायलेल्या कीटकनाशकाची बाटली सोबत न्या. कागदावर प्रत्येक डोस मिग्रॅमध्ये, वेळेसकट.