रिव्हॅलिडेशनचे ते २० तास

इथे ब्रिटनमध्ये नर्सला दर ३ वर्षांनी एनएमसीकडे (नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, नर्सची नोंदणी ठेवणारी संस्था) रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करावं लागतं. त्यात ३५ तास शिक्षणाचे, आणि त्यातले किमान २० इतरांसोबत शिकलेले. माझं तिथेच अडलं होतं. सतत नाइट ड्युटी, त्यामुळे सगळं शिक्षण एकटीने, ऑनलाइन. फायर ट्रेनिंगसारखं, कामाशी थेट संबंध नसलेलं सक्तीचं प्रशिक्षण तर धरतच नाहीत.

मग वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं, पहाटे काम जरा हलकं असतं तेव्हा एकत्र बसू या का? बेडसोअरच्या एका केसवर आम्ही चौघी बसलो: जखम कुठल्या टप्प्यात आहे, कूस बदलल्याच्या नोंदी, ड्रेसिंग का बदललं. तारीख, तास, विषय, काय शिकलो, हे लगेच वहीत. पेशंटचं नाव मात्र कुठेही येऊ द्यायचं नाही, हे फार महत्त्वाचं! चर्चा असलेली ऑनलाइन सत्रंही चालतात, उरलेले तास तसे भरले. रिव्हॅलिडेशनला लागणाऱ्या ५ रिफ्लेक्टिव्ह लेखांपैकी (कामातून काय शिकलो यावरचे) दोन याच नोंदींतून तयार झाले.

अर्ज ६० दिवस आधी खुला होतो, पण तोवर थांबू नका. या लेखांवरच्या चर्चेसाठी नोंदणीकृत नर्स आणि कन्फर्मर (सगळं पूर्ण झाल्याची खात्री देणारी व्यक्ती), दोघांची वेळ आधीच मागून ठेवा. मॅनेजर स्वतः नर्स असेल तर दोन्ही कामं तिच्याकडेच होतात.